आखाडा सुटल्यावरची साखर

बेळगावात सकाळी ६ वाजता वॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला गेलं की जुने पैलवान लगेच ओळखू येतात. कान मोडलेले, मान अजून जाड, पोट मात्र सुटलेलं. त्यातल्या एका मामांनी मला मागं विचारलं होतं, "२० वर्षं रोज जोर-बैठका मारल्या, ते सगळं गेलं कुठं?" पन्नाशीत त्यांची शुगर निघाली होती. मेहनत थांबली, दूध-तुपाचा खुराक तसाच राहिला आणि दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसून जाऊ लागला.

या प्रश्नाचं उत्तर वैद्यकाला फार उशिरा सापडलं. सल्ला मात्र प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या प्रमेहचिकित्सेत, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांवरच्या उपचारांत, गरीब रुग्णाला सांगितलंय, की अनवाणी, छत्रीशिवाय, एका गावी एकच रात्र काढत १०० योजनं किंवा त्याहून जास्त चाल. पैसेवाल्यानं सावा, नीवार असलं साधं धान्य खावं, गाईंच्या मागं हिंडावं. बाकीच्यांनी नांगर धरावा, नाहीतर विहीर खणावी. योजनाची लांबी कुणी कितीही धरो, आमच्याकडून पंढरपूरला पायी जाण्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं. यातलं अनवाणी तेवढं आज कुठलाही डॉक्टर खोडून काढेल. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असली, तर काटा मोडलेलाही कळत नाही.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला. पुढं १९२६ मध्ये लंडनच्या आर. डी. लॉरेन्स यांनी दाखवलं की व्यायाम केला तर तेवढंच इन्सुलिन साखर जास्त उतरवतं. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. पण तेव्हा सगळा मधुमेह एकच मानला जाई. काहींच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणामच नीट होत नाही, हे लंडनचेच डॉक्टर हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये मांडलं. आज आपण ज्याला टाइप २ म्हणतो, त्याची ओळख तिथून सुरू झाली.

पक्का पुरावा यायला आणखी ५० वर्षं गेली. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये, साखर वाढलेली पण अजून मधुमेह नसलेल्या ५७७ जणांवर प्रयोग सुरू झाला. ६ वर्षांत व्यायामाच्या गटात मधुमेहाचा धोका ४६ टक्क्यांनी कमी निघाला. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात आहार-व्यायामाचा फायदा २८.५ टक्केच दिसला. "मी तर काटकुळा, मला कसली शुगर?" असं आपल्याकडं अजून म्हणतात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलं, की दिसायला बारीक असलेल्या भारतीय अंगातही चरबी भरपूर असते.

मधुमेह झालेल्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००१ चा निष्कर्ष. अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची ३ महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.६६ अंकांनी उतरलेली दिसली. वजन मात्र म्हणावं तसं घटलं नव्हतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांना हे आधी सांगायला हवं.

त्याचं कारण स्नायूत आहे. साखर आत घ्यायला स्नायूची दारं असतात आणि एरवी ती इन्सुलिन उघडतं. टाइप २ मध्ये ती किल्ली नीट फिरत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हीच दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. ही दुसरी वाट मधुमेहातही बरीचशी शाबूत राहते. शिवाय मेहनतीत खर्च झालेला स्नायूतला साखरेचा साठा भरून निघेपर्यंत स्नायू इन्सुलिनलाही चांगली दाद देतो. हा असर १ ते ३ दिवस टिकतो, मग ओसरतो. मामांचे जोर गेले ते इथं. म्हणूनच आठवड्याला १५० मिनिटांच्या सल्ल्याला एक पुस्ती जोडलेली असते, ती सलग २ दिवसांहून जास्त खाडा नको ही.

व्यायामानं सगळं साधतं असंही नाही. अमेरिकेत ५,१४५ मधुमेहींवर चाललेला आहार-व्यायामाचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये थांबवावा लागला, कारण साखर सुधारली तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते. इन्सुलिन किंवा काही जुन्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालताना एकदम खालीही येते. मामांच्या खिशात म्हणून खडीसाखरेची पुडी असते.

रात्री भाकरी खाऊन ते गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा मारतात. सकाळी डेपोत २० जोर, मोजून. रविवारी दांडी असते, सोमवारी मात्र माझ्याआधी हजर.