टॉवर लाइनखालची ट्यूब आणि इलेक्ट्रॉनांची जोडी

बेळगावजवळ येळ्ळूरला मामाच्या भातावरून उच्चदाबाच्या विजेची टॉवर लाइन गेली आहे. परवा रात्री त्यानं काढून टाकलेली ट्यूब बांधावर उभं राहून हातात धरली, तर ती फिकट पेटली. "बघ की! ट्यूब पेटतीया, मग रक्तातलं लोखंड ओढत नसंल काय?"

ट्यूब पेटवतं ते विद्युत क्षेत्र. ते भिंतीनं, झाडानंसुद्धा अडतं. चुंबकीय क्षेत्र मात्र भिंतीतून आणि आपल्यातूनही आरपार जातं. पण रक्तातलं लोखंड म्हणजे खिळा नव्हे. हिमोग्लोबिनात ते सुटं, एकेका अणूनं असतं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच सरतं, हे पॉलिंग आणि कोरियेल यांनी 1936 सालीच दाखवलं. बेळगावच्या गणपत गल्लीत हातात घालायची चुंबकाची कडी विकणाऱ्याला मी हे सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे लहान साइज काढून दाखवली.

मग पेशीला हे चुंबकीय क्षेत्र कळतच नाही का? कळण्याची एक वाट आहे, आणि ती मला फार आवडते. डोळ्यांतल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर निळा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूवर उडी मारतो. आता दोन एकटे इलेक्ट्रॉन उरतात. प्रत्येकाला 'स्पिन' असतो, जणू तो एक बारीकसा चुंबकच. दोन्ही स्पिन एकमेकांविरुद्ध असले तर जोडी एका अवस्थेत, एकाच दिशेला असले तर दुसऱ्या. आजूबाजूच्या अणुकेंद्रांच्या इवल्याशा चुंबकत्वामुळे जोडी या दोन अवस्थांत झुलत राहते. बाहेरचं क्षेत्र तो झोका थोडा बदलतं. झोका कुठे असताना जोडी मोडते, त्यावर पुढे कोणतं रसायन बनणार ते ठरतं. स्थलांतर करणारे पक्षी अशा जोडीवरूनच दिशा ओळखत असावेत, अशी कल्पना शास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडली. गंमत म्हणजे या क्षेत्राची ऊर्जा शरीराच्या उबेपेक्षा लाखो पटींनी कमी असते, तरी चालतं. कारण उबेच्या गोंधळाशी स्पिनचं फारसं देणंघेणं नसतं.

आता हेच मामाच्या बांधावर लावून बघू. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद. जोडी टिकते मायक्रोसेकंदभर, फार तर थोडी जास्त. तिच्या हजारो पिढ्या संपतात तेव्हा कुठे लाइनचं एक आवर्तन पुरं होतं. तिच्या लेखी ते क्षेत्र स्थिरच. इथलं पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला. लाइनखाली त्यात काही मायक्रोटेस्ला, फार तर वीसेक, वर-खाली होतात, एवढंच.

2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं विजेच्या लाइनसारख्या या चुंबकीय क्षेत्रांना 'कदाचित कर्ककारक' गटात टाकलं, ते मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाच्या आकडेवारीवरून. पेशीतली यंत्रणा सापडली म्हणून नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपात हा गट असतो. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत, ते नसतं.

मामानं सगळं ऐकलं आणि ट्यूब परत वळचणीला खोचली. "बरं, म्हंजे खाली वाफा लावायला हरकत न्हाई न्हवं?"