घरातील सोने : डिजिटल व्यवहार ठप्प झाल्यास आधार (ठाणे व नवी मुंबई)

बँक, मोबाइल आणि वीज यांच्यावर चालणारे पैशाचे व्यवहार अडले तर हाताशी असावे, म्हणून वेढणी (शुद्ध सोन्याच्या तारेचे साधे वेढे), नाणी किंवा दागिन्यांच्या रूपात सोने बाळगण्याची पद्धत. अडीअडचणीला मोडता यावे म्हणून थोडेथोडे सोने करून ठेवणे ही महाराष्ट्रातील घरांची जुनी रीत. ठाणे-नवी मुंबईत तिला अलीकडे हे नवे कारण जोडले गेले. २०१५ पासून निघालेले सरकारी सुवर्णरोखे, ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे सोन्याचे फंड) किंवा ॲपवर घेतलेले सोने यात धरत नाहीत, कारण ते विकायला तीच यंत्रणा चालू असावी लागते.

या यंत्रणेचा मोठा भाग याच पट्ट्यात आहे. ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटरच्या इमारती आहेत. स्टेट बँकेचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र सीबीडी बेलापूरला, तर रिझर्व्ह बँकेचे डेटा सेंटर खारघरला आहे. रात्रपाळीला सर्व्हर सांभाळणारी माणसे इथल्याच सोसायट्यांत राहतात.

अडचणी दोन जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. पहिली काही तासांची. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा भागातील उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळले. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांच्या सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर (संगणक अडवून खंडणी मागणारा) हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तात्पुरते तोडून ठेवले. अशा वेळी सोन्याचा काडीचाही उपयोग नाही. दूधवाला, रिक्षावाला, औषधाचे दुकान यांना सुट्ट्या नोटा लागतात, आणि त्या घरात असायलाच हव्यात.

दुसरी जात महिनोन्महिन्यांची, आणि सोने खरे कामाला येते ते इथे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, पण बँक दुसऱ्या बँकेत विलीन व्हायला जानेवारी २०२२ उजाडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेच्या ठेवीदारांवरही अशीच वेळ आली. दोन्ही वेळा बिघाड संगणकाचा नव्हता, गैरव्यवहाराचा होता. मात्र ठेवीदाराच्या दृष्टीने परिणाम एकच : पडद्यावर शिल्लक दिसते आणि हाती येत नाही. ठेव विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाखांवर गेले, तरी ते मिळेपर्यंतचा काळ कुटुंबाला काढावाच लागतो. शाळेची फी, घराचा हप्ता, वडिलांचे ऑपरेशन थांबत नाही.

कोणते सोने ठेवावे, याचे उत्तर जुन्या गृहिणींच्या वागण्यात आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा गुरुपुष्याला एखाद्या ग्रॅमचे वेढणे घ्यायचे, डब्यात टाकायचे.  वेढण्याला घडणावळ अगदी कमी लागते आणि गरजेपुरते एकच मोडता येते. याउलट पाच तोळ्यांचा हार अर्धा मोडता येत नाही. मोड घेताना सराफ दागिना काट्यावर टाकतो, काळे मणी, खडे, मीना यांचे वजन वजा करतो. बोरमाळेच्या मण्यांतली लाखही वजा होते. मग कॅरेटमीटरमध्ये कस पाहतो आणि शंका आलीच तर आटवून घेतो. भरलेली मजुरी आणि ३ टक्के जीएसटी परत मिळत नाही. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून दुकानदार या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना ग्राहकाला विकू शकत नाही. क्रमांक ॲपवर तपासायला इंटरनेट लागते, कॅरेटमीटरला वीज लागते. कसोटीच्या दगडाला दोन्ही लागत नाही, पण आज बहुतेक दुकाने केवळ कसोटीवर पूर्ण भाव देणार नाहीत.

याहून मोठी मेख रोखीची आहे आणि तिची चर्चा फारच कमी होते. आयकराच्या नियमांमुळे सराफ एका दिवशी एका माणसाला साधारणपणे १०,००० रुपयांपर्यंतच रोख देतो, उरलेली रक्कम खात्यात. सोनेतारण कर्जातही वित्तसंस्थांना २०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही. म्हणजे सोने मोडले तरी पैसे शेवटी बँकेतूनच यायचे. म्हणून या पद्धतीला दुसऱ्या बँकेतील चालू स्थितीतल्या खात्याची जोड लागते. एक सहकारी आणि एक सरकारी, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. सगळी यंत्रणाच महिनाभर कोसळली तर घरातले सोने संसार चालवेल, हा समज फार ताणलेला आहे. एका बँकेच्या संकटात मात्र ते निश्चित तारून नेते.

भाव हाही धोका आहेच. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आले आणि सोने त्याच दिवशी घसरले. ठेव मोडून सगळे सोन्यात घालणे त्यामुळे योग्य नाही.

साठवणीचा प्रश्न बहुधा लॉकरवर येऊन थांबतो. ठेव विमा लॉकरला लागू नाही. चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. शाखा बंद असेल त्या दिवशी लॉकरही बंद, हे लक्षात घेऊन थोडी वेढणी घरी ठेवतात. घरच्या सोन्याबाबत १९९४ चा आयकर विभागाचा आदेश वारंवार चुकीचा सांगितला जातो : छाप्यात विवाहित स्त्रीचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. ती बाळगण्याची कमाल मर्यादा नव्हे. त्याहून अधिक सोन्याचा स्रोत दाखवता आला की पुरे. त्यासाठी खरेदीच्या पावत्या जपाव्या लागतात, आणि थर्मल कागदावरच्या पावतीची अक्षरे काही वर्षांत उडतात, म्हणून तिची झेरॉक्स काढून ठेवतात.