रूटने काय टाइप केले? कमांड-नोंदींची पार्श्वभूमी

सर्व्हरवर काही बिघडले आणि 'रूटने (म्हणजे सर्वाधिकारी खात्याने) नेमके काय केले' अशी विचारणा झाली, की सगळे आधी बॅशची हिस्ट्री, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची यादी, उघडतात. बॅश हा एक शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम. घोळ तिथूनच सुरू होतो.

शेलमध्ये हिस्ट्री आली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस, सी शेलबरोबर. तीच कमांड पुन्हा टाइप करण्याचा त्रास वाचावा, एवढाच हेतू. १९८९ मध्ये आलेल्या बॅशने ती सोय पुढे चालवली. हिस्ट्रीची फाइल युजरच्याच मालकीची. तो ती हवी तशी बदलू शकतो, पुसू शकतो. एरवी ती सेशन संपतानाच लिहिली जाते, त्यामुळे शेल 'किल -९'ने, म्हणजे जबरदस्तीने तात्काळ, मारला की त्या सेशनचा मागमूस उरत नाही. हिस्ट्री लिहिलीच जाऊ नये, यासाठी 'अनसेट हिस्टफाइल' एवढी एक ओळही पुरते. वेगळी सेटिंग केल्याशिवाय कमांडची वेळसुद्धा नोंदली जात नाही. अशा फाइलला 'ऑडिट लॉग' म्हणणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

२००९ च्या अखेरीस बॅश ४.१ मध्ये प्रत्येक कमांड सिसलॉगला, म्हणजे सिस्टिमच्या सामाईक नोंदवहीला, पाठवण्याची सोय आली, पण ती कंपाइल करतानाच चालू करावी लागते आणि मूळ सोर्समध्ये बंदच असते. ती चालू करावी का, यावर आजही दोन मते आहेत. घुसखोर दुसरा शेल किंवा पायथॉन उघडेल आणि नोंद चुकवेल, हा आक्षेप खरा आहे. तरीही ती चालू असावी असे मला ठामपणे वाटते. रात्री तीन वाजता भलत्याच डिरेक्टरीत 'आरएम -आरएफ' (न विचारता सगळे पुसणारी कमांड) चालवणारा घुसखोर नसतो, आपलाच दमलेला सहकारी असतो. काय गेले हे त्यालाही शोधायचे असते.

दुसऱ्याच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने एखादी कमांड चालवू देणारा, १९८० पासूनचा सुडो कोणी, कुठून, कोणती कमांड चालवली हे नीट लिहितो. पण 'सुडो सु -' करून थेट रूटचा शेल उघडला की लॉगमध्ये तेवढी एकच ओळ उरते, पुढचे सगळे अंधारात.

खरा फरक पडला तो २००४ मध्ये, २.६ मालिकेच्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, ऑडिट ही नोंदींची सोय आल्यावर. सु करून रूट झाला तरी मूळ लॉगिनचा आयडी नोंदीला चिकटून राहतो. मात्र एक्झेकव्हीईचा (प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिस्टिम कॉलचा) नियम फक्त नवे प्रोग्राम पकडतो. शेलच्या आतल्याच 'एको' कमांडचे आउटपुट फाइलकडे वळवून (रिडायरेक्ट करून) कॉन्फिग फाइल पुसली, तर या नियमाला पत्ता लागत नाही. त्या फाइलवर वेगळा वॉच, म्हणजे पाळत ठेवणारा नियम, लावावा लागतो.

एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनी भारतात १८० दिवसांचे लॉग सांभाळणे बंधनकारक केले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या कमांडमध्ये '-पी'ला चिकटवून टाइप केलेला पासवर्डही या नोंदींत जसाच्या तसा उतरतो, आणि तोही तितकेच दिवस पडून राहतो.