नांगरफाळ चळवळीतील कॅथलिक धर्मभगिनी

अण्वस्त्रांच्या तळांवर शिरून प्रतीकात्मक 'निःशस्त्रीकरण' करणाऱ्या आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करणाऱ्या अमेरिकेतील व्रतस्थ स्त्रियांची परंपरा. ही चळवळ 'प्लाउशेअर्स' या नावाने ओळखली जाते. लोक आपल्या तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, या बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या भाकितावरून ते नाव पडले. चळवळीत धर्मगुरू होते, संसारी माणसे होती, माजी सैनिकही होते; पण ती दशकानुदशके चिवटपणे चालू राहिली यात धर्मभगिनींचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवात ९ सप्टेंबर १९८० रोजी झाली. पेनसिल्व्हेनियातील किंग ऑफ प्रशिया येथे जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात आठ जण शिरले. तेथे अण्वस्त्रांच्या क्षेपणास्त्रांची शंकूसारखी टोके बनत. त्यांवर त्यांनी हातोडे मारले, कागदपत्रांवर स्वतःचे रक्त ओतले आणि प्रार्थना करत अटकेची वाट पाहिली. त्या आठांत जेझुइट धर्मगुरू डॅनियल बेरिगन आणि त्यांचे बंधू फिलिप यांच्याबरोबर 'सेक्रेड हार्ट' संघाच्या सिस्टर अ‍ॅन माँटगोमेरी होत्या. पेशाने त्या शिक्षिका. पुढे २००९ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, वॉशिंग्टन राज्यातील बँगोर येथील पाणबुडी तळाचे कुंपण ओलांडणाऱ्या पाच जणांतही त्या होत्याच.

हातोडा, रक्त आणि पळून न जाणे या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक कृतीत आढळतात. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची. केलेले लपवायचे नाही, न्यायालयात ते नाकारायचे नाही आणि शिक्षा भोगायची, हे आधीच ठरलेले असते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या व्रतांमुळे सिस्टरांना हे तुलनेने शक्य होते. मागे लहान मुले नसतात, जप्त करण्यासारखी मालमत्ता नसते आणि सुटल्यावर संघ आधाराला असतो. पण म्हणून ते सोपे ठरत नाही. साठी-सत्तरी उलटल्यावर तुरुंगाच्या कोठडीत वर्षे काढणे कोणालाही जडच जाते.

डॉमिनिकन संघाच्या आर्डेथ प्लॅट, कॅरल गिल्बर्ट आणि जॅकी हडसन या तिघींचे प्रकरण विशेष गाजले. प्लॅट एके काळी मिशिगनमधील सॅगिनॉ शहराच्या नगर परिषदेवर निवडून गेल्या होत्या. नंतर त्या आणि गिल्बर्ट बाल्टिमोरच्या 'जोनाह हाऊस' या युद्धविरोधी वसाहतीत राहू लागल्या. एका जुन्या दफनभूमीची निगा राखणे हे तेथील रोजचे काम. ६ ऑक्टोबर २००२ रोजी या तिघी कोलोराडोतील ग्रीलीजवळच्या एन-८ या सायलोवर, म्हणजे जमिनीखालच्या क्षेपणास्त्र-विहिरीवर गेल्या. आत मिनिटमन-३ क्षेपणास्त्र होते. इराकमध्ये महासंहारक शस्त्रे असल्याचे सांगत अमेरिका युद्धाची तयारी करत होती, तेव्हाची ही गोष्ट. तिघींनी 'नागरिकांचे शस्त्रतपासणी पथक' म्हणून पांढरे पोशाख चढवले, जाळीचे कुंपण कापले, विहिरीचे झाकण ज्या रुळांवरून सरकते त्यांवर हातोडे मारले आणि बाटल्यांतून आणलेल्या आपल्या रक्ताने काँक्रीटवर क्रूस काढले. महासंहारक शस्त्र हवे असेल तर ते येथे आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

सरकारी हिशेबाने नुकसान सुमारे तीन हजार डॉलरचे. आरोप मात्र राष्ट्रीय संरक्षणात अडथळा आणल्याचा, म्हणजे घातपाताचा. जुलै २००३ मध्ये प्लॅट यांना ४१, गिल्बर्ट यांना ३३ आणि हडसन यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली. कायद्याने याहून जास्त शिक्षा देता आली असती हे खरे. तरी रुळावरच्या हातोड्याला घातपात म्हणणे कायद्याच्या शब्दांना फार ताणणारे होते.

हाच प्रश्न दहा वर्षांनी पुन्हा न्यायालयात आला. 'सोसायटी ऑफ द होली चाइल्ड जीझस' या संघाच्या सिस्टर मेगन राइस यांनी आयुष्याची अनेक दशके आफ्रिकेत, मुख्यतः नायजेरियात शिकवण्यात घालवली होती. २८ जुलै २०१२ च्या पहाटे, ८२ वर्षांच्या असताना, मायकेल वॉली आणि ग्रेग बोर्टजे-ओबेड यांच्यासह त्या टेनेसीतील ओक रिजच्या वाय-१२ संकुलात शिरल्या. हिरोशिमावर टाकलेल्या बाँबसाठी युरेनियम समृद्ध केले गेले ते याच ठिकाणी. एकामागून एक कुंपणे कापत तिघे समृद्ध युरेनियमच्या कोठारापर्यंत पोहोचले, भिंतीवर रक्त ओतले, घोषणा रंगवल्या, कोपऱ्याचा टवका काढला. सुरक्षारक्षक आला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे पाव धरला. देशातील अत्यंत कडेकोट समजल्या जाणाऱ्या जागेची ही अवस्था पाहून प्रशासन हादरले, संसदेत सुनावण्या झाल्या.

फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यायाधीश अमूल थापर यांनी राइस यांना ३५ महिने आणि दोघा पुरुषांना ६२ महिने तुरुंगवास सुनावला. आपल्याला दया दाखवू नका, उरलेले आयुष्य तुरुंगात काढणे हा सन्मान ठरेल, असे राइस यांनी न्यायालयाला सांगितले होते. मे २०१५ मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने घातपाताचा ठपका रद्द केला. एखादी जागा संरक्षणासाठी महत्त्वाची आहे एवढे मोघम म्हणून भागत नाही, या कृतीने संरक्षणक्षमतेला खरोखर बाधा आली का ते दाखवावे लागते, असा त्या निकालाचा आशय. तिघांची सुटका झाली. राइस ऑक्टोबर २०२१ मध्ये ९१ व्या वर्षी वारल्या.

चळवळीवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. वाय-१२ च्या त्या सुरक्षारक्षकाची नोकरी गेली. शस्त्रधारी पहारेकऱ्याने अंधारात गोळी झाडली असती तर त्याचे ओझे त्याच्यावर आयुष्यभर राहिले असते. अनेक श्रद्धाळू कॅथलिकांना कुंपण कापणे हे व्रतस्थांचे काम वाटत नाही.

धर्मसभेची अधिकृत शिकवण मात्र हळूहळू या भगिनींच्या दिशेने सरकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शहरेच्या शहरे बेचिराख करणाऱ्या युद्धाचा निषेध केला, पण धाक म्हणून अण्वस्त्रे बाळगण्याला पूर्ण नकार दिला नाही. अमेरिकेतील बिशपांनी १९८३ मध्ये तो धाक सशर्त मान्यच केला. सिस्टर माँटगोमेरी आणि त्यांचे सहकारी तोवर कारखान्यात जाऊनही आले होते. अण्वस्त्र नुसते जवळ असणेही निषेधार्ह आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी म्हटले ते २०१७ मध्ये.

त्याच वर्षी ७ जुलै रोजी अण्वस्त्रबंदीचा करार संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. व्हॅटिकनने तो सप्टेंबरमध्ये स्वाक्षरीसाठी खुला होताच स्वीकारला. प्लॅट आणि गिल्बर्ट यांनी या करारासाठी सातत्याने प्रचार केला. जर्मनीत अमेरिकी अण्वस्त्रे ठेवलेल्या ब्युशेल हवाई तळाबाहेरच्या निदर्शनांत प्लॅट यांनी कराराची प्रत थेट तळप्रमुखाच्या हाती दिली होती. प्लॅट सप्टेंबर २०२० मध्ये निवर्तल्या. करार २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान यांसह एकाही अण्वस्त्रधारी देशाने त्यावर सही केलेली नाही.