किल्ली मुस्लिम घराण्याकडे, शिडी पाद्र्यांकडे : जेरुसलेमच्या एका दरवाजाची पार्श्वभूमी

पहाटे चारच्या सुमाराला, जेरुसलेमच्या जुन्या शहरात अजून अंधारच असतो, तेव्हा एक मुस्लिम माणूस चर्चच्या दाराशी येऊन उभा राहतो. हे साधंसुधं चर्च नाही, येशूला जिथे क्रुसावर दिलं आणि जिथे पुरलं असं ख्रिश्चन लोक मानतात त्या जागेवरचं हे होली सेपल्कर चर्च आहे. दारावर थाप पडते, मग दाराला असलेली एक छोटी झडप आतून उघडते आणि रात्रभर आत कोंडून घेतलेले पाद्री त्यातून एक लाकडी शिडी बाहेर सरकवतात. जवळपास फूटभर लांबीची लोखंडी किल्ली घेऊन तो माणूस खालचं कुलूप उघडतो, शिडीवर चढून वरचं उघडतो, आणि दार ढकललं जातं. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू का, कुलपं बाहेरच्या बाजूला आहेत आणि शिडी आतल्या बाजूला. म्हणजे किल्लीवाल्याला शिडीशिवाय वरच्या कुलपापर्यंत पोचता येत नाही आणि शिडीवाल्यांना किल्लीशिवाय बाहेर पडता येत नाही, दोघांचं एकमेकांवाचून अडतं, रोज. किल्ली सांभाळायचा मान जूदा घराण्याकडे, दार उघडायचा मान नुसेबा घराण्याकडे, आणि दोन्ही मुस्लिम. जूदा घराणं आपला मान सुलतान सलाहुद्दीनच्या काळापासूनचा म्हणजे ११८७ पासूनचा सांगतं, नुसेबा तर त्याच्याही मागे सातव्या शतकापर्यंत जातात.

ही गोष्ट साधारणपणे "बघा किती सुंदर सलोखा" म्हणून सांगितली जाते. सुंदर आहेच, पण तेवढ्यावर थांबलं तर मागचा सगळा इतिहास हातातून निसटतो. कारण हा सलोखा नुसत्या प्रेमातून आलेला नाही, त्याच्या मागे तह आहेत, फर्मानं आहेत, मोडलेल्या भिंती आहेत आणि त्या परत बांधताना झालेली देवाणघेवाण आहे.

सुरुवात करावी लागते ती ६३८ च्या आसपास. बायझंटाइन म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन साम्राज्याच्या हातातलं जेरुसलेम अरब फौजेने घेतलं आणि पॅट्रिआर्क म्हणजे तिथला मुख्य ख्रिश्चन धर्मगुरू सोफ्रोनियस याने शहर खलिफा उमर यांच्या स्वाधीन केलं. त्यावेळची प्रसिद्ध कथा अशी की उमर चर्चमध्ये असताना नमाजाची वेळ झाली, पॅट्रिआर्क म्हणाले इथेच पढा, पण उमर बाहेर आले आणि पायऱ्यांवर नमाज पढले, कारण मी आत पढलो तर उद्या माझीच माणसं "उमर इथे पढले होते" म्हणून ही जागा ताब्यात घेतील. ही कथा आपल्याकडे येते ती एका ख्रिश्चन माणसाकडूनच, अलेक्झांड्रियाचे पॅट्रिआर्क सईद इब्न बत्रिक यांनी ती दहाव्या शतकात लिहिली, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. शब्दन् शब्द तसाच घडला असेल असं मी म्हणणार नाही. पण ती कथा दोन्हीकडच्या लोकांनी शेकडो वर्षं खरी मानली आणि तिचा आधार घेऊन पुढे निर्णय झाले, हे जास्त मोलाचं आहे. चर्चसमोर आज जी उमर मशीद दिसते ती ११९३ मध्ये सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफदल याने बांधली, आणि ती आहे दक्षिणेला, कारण तोवर चर्चचं मुख्य दार दक्षिणेला आलं होतं. उमरच्या काळात दार पूर्वेला होतं.

मग १००९ येतं, आणि ते टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. इजिप्तच्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-हाकिम याने हे चर्च पाडायचा हुकूम दिला आणि ते पाडलं गेलं, नुसतं वरचं बांधकाम नाही, येशूची म्हणून मानलेली, खडकात कोरलेली कबरसुद्धा घणांनी फोडली. एका राज्यकर्त्याच्या हुकमाने सातशे वर्षांची जागा गेली. पण पुढचं बघा. अल-हाकिमच्या मुलाने, अल-जाहिरने, १०२७ मध्ये बायझंटाइन सम्राटाशी तह केला आणि त्यात ठरलं की जेरुसलेममधलं चर्च परत बांधू द्यायचं, आणि त्या बदल्यात कॉन्स्टँटिनोपलमधली मशीद परत सुरू करायची, तिथे शुक्रवारचा खुतबा म्हणजे प्रवचन फातिमी खलिफाच्या नावाने वाचायचा. तुमच्या शहरात आमची मशीद, आमच्या शहरात तुमचं चर्च, इतकं सरळ. बांधकाम १०४८ च्या सुमाराला सम्राट नवव्या कॉन्स्टंटाइनच्या पैशातून पुरं झालं. सहिष्णुतेच्या इतिहासात हा तह फारसा कोणी सांगत नाही, मला मात्र तो कित्येक गोड कथांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात दोघांनीही काहीतरी दिलं आहे.

१०९९ मध्ये क्रुसेडर म्हणजे युरोपातले ख्रिश्चन धर्मयोद्धे आले आणि शहरात कत्तल झाली, मुसलमान आणि ज्यू दोघांचीही. डोम ऑफ द रॉक या मुस्लिम पवित्र वास्तूचं चर्च झालं, वर सोन्याचा क्रूस चढला, अल-अक्सा मशीद आधी राजाचा वाडा आणि मग टेम्पलर शिपायांचं ठाणं झाली. म्हणून ११८७ च्या ऑक्टोबरमध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतलं तेव्हा सूड घ्यायला कारण भरपूर होतं. त्याच्या काही माणसांनी होली सेपल्कर पाडून टाकू, म्हणजे ख्रिश्चन यात्रेकरू यायचेच बंद होतील असा सल्ला दिलाही होता. त्यावर बाकीच्यांनी दाखला दिला तो उमरचाच, की त्यांनी हे चर्च राहू दिलं होतं. चर्च राहिलं. ११९२ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डशी तह झाला आणि बिनहत्यारी यात्रेकरूंना यायची मोकळीक मिळाली. दाराची किल्ली मुस्लिम हातात आली ती याच काळात असं जूदा घराण्याची परंपरा सांगते. त्यात राज्यकर्त्याचा ताबा होता हेही मान्य करायला हवं, शिवाय पुढे कितीतरी काळ दारावर यात्रेकरूंकडून प्रवेशाचे पैसे वसूल व्हायचे, तेव्हा किल्ली म्हणजे मान होता तसंच उत्पन्नही होतं.

त्याहून नवलाची गोष्ट १२२९ ची. जर्मन सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल यांनी लढाई न करता जेरुसलेम वाटून घेतलं, शहर ख्रिश्चनांकडे, पण डोम ऑफ द रॉक आणि अल-अक्साचं सगळं आवार मुसलमानांकडेच. अरब इतिहासकार इब्न वासिल लिहितो की फ्रेडरिक शहरात मुक्कामाला आला त्या रात्री काजीने त्याचा मान राखायचा म्हणून मुअज्जिनला अजान द्यायची नाही असं सांगून ठेवलं, आणि सकाळी फ्रेडरिकनेच विचारलं की अजान का झाली नाही, मला तर ती ऐकायची होती. दोघांनाही आपापल्या लोकांनी शिव्या घातल्या, एकाला पोपच्या बाजूने, दुसऱ्याला दमास्कसच्या मशिदींमधून. तहाची मुदत दहा वर्षांची होती. १२४४ मध्ये मध्य आशियातून आलेल्या ख्वारिझमी टोळ्या शहरात घुसल्या आणि होली सेपल्करमध्येच ख्रिश्चनांची कत्तल झाली.

पुढे ऑटोमन तुर्कांच्या काळात भांडण वेगळ्या दिशेला गेलं. आता चर्चच्या आत ग्रीक ऑर्थोडॉक्स, लॅटिन म्हणजे फ्रान्सिस्कन, आर्मेनियन, शिवाय कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ, आणि कुठला दिवा कुणाचा, कुठली पायरी कुणी झाडायची यावरून हातघाई व्हायची. १७५७ आणि १८५२ च्या सुलतानी फर्मानांनी जे आहे ते तसंच राहील असं ठरवून टाकलं, आणि १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६२ व्या कलमात त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. यालाच स्टेटस को म्हणतात. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक वेगळीच लाकडी शिडी अठराव्या शतकापासूनच्या चित्रांत दिसते आणि ती आजही तिथेच आहे, कारण हलवायची तर सगळ्यांची संमती लागते. अशा ठिकाणी दाराची किल्ली कुठल्याच पंथाकडे नसणं सगळ्यांनाच सोयीचं पडलं.

जेरुसलेमच्या बाहेर नजर टाकली की चित्र मिश्रच आहे. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात, ख्रिश्चन मठाच्या तटबंदीच्या आत, फातिमी काळातली मशीद आहे. दमास्कसमध्ये उलट, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या चर्चच्या आवारात सुरुवातीला दोन्ही धर्म शेजारी प्रार्थना करायचे आणि आठव्या शतकाच्या सुरुवातीला खलिफा वलिदने सगळी जागा घेऊन उमय्यद मशीद उभी केली, योहानाचं स्मारक मात्र आत राहिलं, आणि २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तिथे गेले, मशिदीत पाऊल ठेवणारे पहिले पोप. कॉर्डोबाची मशीद १२३६ मध्ये कॅथेड्रल झाली, इस्तंबूलचं हागिया सोफिया चर्च १४५३ मध्ये मशीद, १९३० च्या दशकात म्युझियम आणि २०२० मध्ये परत मशीद. ही दोन नावं लोक एकमेकांच्या तोंडावर फेकतात, मला दोन्हींचं सारखंच वाईट वाटतं.

आजच्या काळात तलवारीची जागा परवान्याने घेतली आहे. इजिप्तमध्ये चर्च बांधायचं तर १८५६ च्या ऑटोमन फर्मानापासून चालत आलेली वरची परवानगी आणि १९३४ च्या दहा अटी, त्यात आसपास किती मुसलमान राहतात, मशीद किती लांब आहे हेही बघितलं जायचं. २०१६ मध्ये नवा कायदा आला, पण तो फक्त चर्चसाठी, मशिदींसाठी वेगळेच नियम. आणि स्वित्झर्लंडमध्ये २००९ च्या सार्वमतात ५७.५ टक्के लोकांनी नवीन मिनार बांधायला बंदी घातली. दोन्हीकडे बहुसंख्य लोक थोड्यांना सांगतात, प्रार्थना करा पण दिसू नका. उलट जकार्तात इस्तिकलाल मशीद मुद्दाम कॅथेड्रलच्या समोर बांधली गेली, तिचा आराखडा फ्रेडरिक सिलाबान या प्रॉटेस्टंट आर्किटेक्टचा, १९७८ मध्ये ती खुली झाली, आणि आता दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ता आहे, २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस त्या भुयाराशी गेले होते.

आणि परत जेरुसलेम. ऑलिव्ह पर्वतावर एक छोटी घुमटी आहे, येशू इथून स्वर्गात गेला असं मानतात. क्रुसेडरांनी बांधलेली, सलाहुद्दीननंतर मशीद झाली, आणि आजही ती मुस्लिम वक्फच्या ताब्यात आहे. आवाराच्या भिंतीत लोखंडी कड्या बसवलेल्या दिसतात. स्वर्गारोहणाच्या सणाला ख्रिश्चन पंथ तिथे येतात, त्या कड्यांना तंबूचे दोर बांधतात, प्रार्थना करतात, आणि सण झाला की तंबू काढून नेतात. कड्या भिंतीत तशाच राहतात, पुढच्या वर्षासाठी.