गुठळीची धाप आणि भीतीची धाप: पल्मनरी एम्बोलिझमनंतर कोणती कशी ओळखायची

पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं. त्यातून वाचून घरी जाताना डॉक्टर सांगतात की अचानक धाप लागली, छातीत दुखलं, धडधड वाढली, चक्कर आली, दरदरून घाम फुटला तर लगेच या. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, जीवघेणी अडचण आहे ही, की पॅनिक अटॅकची लक्षणं सांगा म्हटलं तर हीच्या हीच यादी वाचून दाखवावी लागते. त्यामुळे घरी आल्यावर पहिले काही महिने माणूस दर दोन दिवसांनी त्याच एका प्रश्नात अडकतो, की हे परत गुठळीचं आहे का मी घाबरलोय म्हणून होतंय. मी स्वतः यातून गेलेय आणि मला तेव्हा सगळ्यात जास्त राग यायचा तो "टेन्शन घेऊ नका" या वाक्याचा, कारण कधी टेन्शन घ्यायचं आणि कधी नाही हेच तर कोणी नीट सांगत नव्हतं. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी गुठळीचं. बहुतेक वेळा गुठळी पायाच्या खोल शिरेत तयार होते, तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे जाऊन फुप्फुसात अडकते. फुप्फुसाच्या त्या भागात हवा पोचते पण रक्त पोचत नाही, म्हणून तुम्ही कितीही खोल श्वास घेतला तरी तेवढा भाग कामाचा राहत नाही, आणि उजव्या हृदयाला बंद वाटेवर रक्त ढकलत बसावं लागतं. गुठळी फुप्फुसाच्या कडेला असेल तर फुप्फुसाच्या वरच्या पातळ आवरणाला सूज येते आणि मग श्वास आत घेताना एका ठरावीक जागी सुरी लागल्यासारखी चमक येते. हे सगळं शरीरात खरंखुरं घडत असतं, त्यामुळे तुम्ही लक्ष दुसरीकडे वळवा, टीव्ही लावा, कोणाशी बोला, त्याला काही फरक पडत नाही. चाललात की धाप वाढते.

भीतीची धाप पण खोटी नसते, हे मला फार ठासून सांगायचंय. ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर आणि वरवर व्हायला लागतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून डोकं हलकं होतं, आणि बोटांना नि ओठांभोवती मुंग्या येतात, कधीकधी बोटं वाकडी पण होतात. एवढं झाल्यावर श्वास पुरत नाहीये असं वाटणारच, मग आणखी जोरात घ्यायचा, मग आणखी मुंग्या. हवा खरं तर गरजेपेक्षा जास्तच आत-बाहेर होत असते तरी जीव गुदमरतो.

आता फरक. सगळ्यात उपयोगी फरक मला वाटतो तो वेळेचा. पॅनिक अटॅक झपाट्याने चढतो, साधारण १० मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आसपास उतरणीला लागतो, नंतर माणूस पिळून काढल्यासारखा थकतो पण श्वास मोकळा झालेला असतो. गुठळीची धाप सहसा अशी चढून उतरत नाही, ती येते आणि तशीच राहते, किंवा तासातासाने वाढत जाते.

दुसरा फरक श्रमाचा. घाबरल्यामुळे धाप लागलेला माणूस उठून घरात सावकाश चालला तर पुष्कळदा त्याला बरं वाटतं. गुठळीत उलटं, बसून कसंबसं बरं आणि बाथरूमपर्यंत गेलं की परत धाप, काल जो जिना एका दमात चढला होतात तो आज अर्ध्यावर थांबवतो. पण याचा अर्थ असा नाही की शंका आली की जिना चढून परीक्षा घ्यायची, तसलं काही करू नका. दिवसभरात जे चालणं आपोआप होतं त्यातून हे कळतं.

तिसरा, सोबत काय आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी आहे का? दोन्ही पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. थुंकीत रक्त आलं का? शुद्ध हरपली का? पॅनिकमध्ये आता मी पडणार असं वाटतं खरं, पण सहसा कोणी पडत नाही. ही तीन लक्षणं भीतीने होत नाहीत असंच धरून चालायचं, आणि त्यातलं एकही असेल तर पुढचं काही वाचत बसायचं नाही, निघायचं.

आणि आता ज्यावरून फरक कळत नाही ते, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. भीती किती वाटतेय यावरून काहीच कळत नाही. आता आपण संपलो ही भावना दोन्हीत तितकीच जोरात येते. झोपेतून दचकून जाग आली म्हणजे ते मानसिक नसणारच असं पण नाही, पॅनिक अटॅक गाढ झोपेतसुद्धा येतो. आणि ऑक्सिमीटर. रात्री अंधारात बोटाला ते क्लिप लावून बसायचं, ९७ दिसलं की हुश्श, मग ९५, मग काढून दुसऱ्या बोटाला, बोट गार पडलंय म्हणून ९२ दाखवतंय, ते बघून धडधड १२०, आणि ती धडधड बघून आणखी घाबरायचं. हे ज्याने केलंय त्याला माहितीये. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असूनही फुप्फुसात गुठळी असू शकते आणि गार बोट किंवा नेलपॉलिशमुळे आकडा उगाच खाली पण येतो, म्हणजे चांगल्या आकड्याने निर्धास्त व्हायचं नाही आणि एकट्या वाईट आकड्याने हातपाय गाळायचे नाहीत. सारखं सारखं बघण्याने फक्त भीती वाढते. माझं प्रामाणिक मत विचाराल तर डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर ते यंत्र कपाटात ठेवा.

मध्ये अजून एक तिसरी धाप आहे जी या दोघींच्या नावावर खपते, ती म्हणजे बरं होतानाची साधी धाप. आपण जिला रक्त पातळ करायची गोळी म्हणतो ती आधीची गुठळी विरघळवत नाही, ती गुठळी वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतःच करतं आणि त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर फुप्फुसाचं सुजलेलं आवरण बरं होत असतं, म्हणून कूस बदलताना, शिंकताना, जोरात हसताना त्याच जुन्या जागी टोचतं. त्यात आजारपणात पडून राहिल्यामुळे अंगातली ताकद गेलेली असते. कॅनडातल्या एलोप नावाच्या अभ्यासात, जो २०१७ साली छापून आला, वर्षभरानंतरही जवळपास निम्म्या पेशंटची व्यायाम करायची क्षमता कमीच होती आणि त्याचं मोठं कारण शरीराचा सराव सुटणं हे होतं. म्हणजे सहा आठवड्यांनी तुम्हाला भाजीची पिशवी उचलून दम लागतो त्यात घाबरण्यासारखं काही असेलच असं नाही. ही धाप ओळखायची खूण म्हणजे ती ठरावीक कामाने लागते, थांबलं की काही मिनिटांत जाते, आणि आठवड्यांचा हिशेब केला तर हळूहळू का होईना कमी होत चाललेली असते. मध्ये एखादा दिवस वाईट जातो, तो जाऊ दे. जुन्या जागेची जुनी चमक आणि नव्या जागेची नवी चमक यात मात्र फरक करायचा, नवी असेल तर सांगायचं.

आता एक आकडा जो मला तेव्हा कोणीतरी सांगायला हवा होता. गोळी नीट चालू असताना पहिल्या काही महिन्यांत परत गुठळी होण्याचं प्रमाण मोठ्या चाचण्यांमध्ये शंभरात साधारण दोन एवढं आढळलंय. शून्य नाही, हे खरं. पण रात्री दोन वाजता डोकं जे सांगत असतं त्याच्यापेक्षा खूप खूप कमी. आणि हा आकडा गोळी नीट घेणाऱ्यांचा आहे, म्हणून धाप लागली की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारायचा की गोळी चुकली होती का. वॉरफरिनवर असाल तर शेवटचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये होता का. रिव्हारोक्सॅबॅनवर असाल तर १५ आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात, रिकाम्या पोटी त्या पुरेशा शोषल्या जात नाहीत, हे पुष्कळांना माहीतच नसतं. गोळ्या चुकल्या असतील, ऑपरेशनसाठी थांबवल्या असतील, किंवा कोर्स संपून नुकत्या बंद झाल्या असतील तर शंकेचं पारडं गुठळीकडे झुकतं. काही कारण नसताना झालेल्या गुठळीत उपचार थांबवल्यानंतर पहिल्या वर्षात परत होण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास आहे, म्हणून तर कोणाच्या गोळ्या तीन महिने चालतात आणि कोणाच्या बरीच वर्षं, आणि म्हणूनच आता बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने त्या बंद करायच्या नसतात.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सची गोष्ट इथे आठवते. तिला २०११ साली पल्मनरी एम्बोलिझम झालं होतं. २०१७ साली मुलगी झाली, सिझेरियन झालं, त्या ऑपरेशनमुळे तिची रक्त पातळ करणारी औषधं थांबवलेली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिने स्वतः सांगितलं की मला सीटी स्कॅन आणि हेपॅरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) हवंय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही, मग सीटी केला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. ती मला महत्त्वाची वाटते ती धाडसासाठी नव्हे. तिच्याकडे परिस्थितीची माहिती होती, म्हणजे आधीचा आजार, थांबलेलं औषध, ताजं ऑपरेशन, आणि ती तिने स्पष्ट शब्दांत मांडली. तुम्ही पण कॅज्युअल्टीत गेलात की "मला कसंतरी होतंय" म्हणू नका, थेट सांगा, मला अमुक महिन्यात पल्मनरी एम्बोलिझम झालं होतं, ही गोळी चालू आहे, शेवटचा डोस इतक्या वाजता घेतला, धाप इतक्या वेळापासून आहे. गोळी चालू असताना डी-डायमर ही रक्ताची तपासणी नॉर्मल येऊनही गुठळी असू शकते, त्यामुळे गोळीचं नाव सांगणं फार गरजेचं. जुना सीटी रिपोर्ट सोबत न्या, कारण जुन्या गुठळीचे अवशेष कधीकधी दिसत राहतात आणि तुलना करायला जुना फोटो नसेल तर नवं काय ते ठरवता येत नाही.

मग घरी नक्की करायचं काय. धाप लागली, पण शुद्ध ठीक, पाय ठीक, रक्त नाही, गोळी चुकलेली नाही, आणि याआधी असंच झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी तपासून भीतीमुळेच आहे म्हटलं होतं, तर बसा, पाठ टेकवा, श्वास नाकाने आत आणि आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ हळूहळू बाहेर, असं थोडा वेळ करत राहा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा तो जुना उपाय अजिबात करायचा नाही, खरंच गुठळी असेल तर त्याने ऑक्सिजन आणखी कमी होईल. श्वास सैल होत गेला, मुंग्या गेल्या, नाडी उतरली, तर ठीक. अर्ध्या तासाने पण स्वस्थ बसून नाडी शंभरच्या वरच आहे, धाप तशीच आहे, किंवा मनात "या वेळी वेगळं वाटतंय" हे येतंय, तर जायचं. पहिल्यांदाच होत असेल तर अर्धा तास पण थांबायचं नाही, भीतीच आहे हा निकाल पहिल्या वेळी घरच्या घरी लावायचा नसतो. आणि गेल्यावर सगळं नॉर्मल निघालं तर ती फेरी फुकट गेली असं समजू नका आणि घरच्यांनी पण "बघ, उगाच धावपळ" असं म्हणू नये, त्या एका वाक्याने माणूस पुढच्या वेळी गप्प बसतो आणि ते फार धोक्याचं आहे.

घरच्यांना अजून एक, रात्री जागं करून "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्याला काही होत नाही, झोप असं नका म्हणू. शेजारी बसा, त्याला मोठ्याने विचारा, गोळी घेतलीस ना, पाय बघू, कुठे दुखतंय, आधीच्याच जागी का. हे प्रश्न उजेडात, दुसऱ्याच्या आवाजात आले की निम्मी भीती तिथेच उतरते आणि उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते दोघांना दिसतं.

भीती महिनोनमहिने राहिली, एकटं राहवत नाही, आंघोळीला कडी लावायची हिंमत होत नाही, चालायलाच जात नाही कारण चाललं की धडधड होते, तर तिच्यावर पण उपचार घ्या. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी याचा पॅनिकमध्ये चांगला उपयोग होतो. औषधं सुरू करायची झाली तर मानसोपचारतज्ज्ञांना रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव आधी सांगा, कारण भीती आणि नैराश्यावर देतात त्या एसएसआरआय गटातल्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, ती देतात पण विचार करून देतात. साध्या दुखण्याला आयब्युप्रोफेनसारखी गोळी पण स्वतःहून घ्यायची नाही, कारण तेच.

आणि तीन ते सहा महिन्यांच्या तपासणीला जाच, बरं वाटत असलं तरी. थोड्या लोकांमध्ये, शंभरात दोन-चार, गुठळी पूर्ण विरघळत नाही, तिचा कडक पडदा होतो आणि फुप्फुसातला दाब वाढत जातो, त्याला सीटेफ म्हणतात. तीन महिने नीट उपचार होऊनही धाप कमी होत नसेल किंवा वाढत असेल तर हे बघायला लागतं, आधी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आणि मग व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी, आणि यावर ऑपरेशनसकट चांगले उपचार आहेत. अशा वेळी "भीतीमुळे होत असेल" हे उत्तर डॉक्टरांनी तपासण्या न करताच दिलं तर तिथे थांबू नका, व्हीक्यू स्कॅन झालाय का ते नाव घेऊन विचारा. जाताना एक वही न्या, दर आठवड्याला एकदा लिहिलेली, किती चाललं, कुठे थांबावं लागलं, गोळी चुकली का, रात्री घाबरून जाग आली का. श्रमाची धाप एका रकान्यात आणि बसल्या जागी आलेली दुसऱ्यात.