हुंकार देणारी सभा

वऱ्हाडात आजी गोष्ट सांगायला बसली की तिची अट एकच असते : ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणत राहायचं. हूं थांबला की गोष्टही थांबली. "झोपला का रे बाप्पा?" म्हणत ती गोधडी ओढून घेते आणि राजपुत्र बिचारा रानातच अडकून राहतो. विदर्भातल्या मोठ्या वक्त्यांबद्दल जितकं वाचत आणि ऐकत गेलो, तितका हा हूं मला जागोजागी भेटत गेला. ज्यांच्या शब्दानं इथली गावं हलली, त्यांनी सभेला गप्प बसू दिलं नाही.

याची सुरुवात पार रिद्धपुरापासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं. तेराव्या शतकात या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे असून मराठीत बोलले. स्वतः त्यांनी ग्रंथ लिहून ठेवला नाही. ते फिरत राहिले. वाटेत, मठात, झाडाखाली जो भेटेल त्याच्या प्रश्नाला उत्तर देत राहिले. ते गेल्यावर पंथातल्याच म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना ऐकलं होतं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि शके 1200 च्या सुमारास, म्हणजे 1278 च्या आसपास, 'लीळाचरित्र' उभं राहिलं. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिलेलं बोलणं आहे. पंथातल्याच केशोबासांनी स्वामींच्या बोलण्यातले 114 दृष्टांत निवडून वेगळे मांडले, तेही असेच कानोकानी आलेले. पुढे पंथातले पंडित संस्कृतात विचारू लागले, तेव्हा स्वामींचे शिष्य नागदेवाचार्यांनी त्यांना सरळ सुनावलं : "तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा : मज श्रीचक्रधरें निरूपिली मऱ्हाटी : तियाचि पुसा." ज्या भाषेत लोक हुंकार देतात त्याच भाषेत विचारा, असाच मी त्याचा अर्थ घेतो. याच रिद्धपुरात स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला आणि पंथातली कवयित्री महदंबा हिनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायले. रुक्मिणी इथलीच लेक. तिचं माहेर कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर दाखवतात.

पुढची कित्येक शतकं मी ओलांडून जातो. कीर्तन, दंडार, गोंधळ, पारावरची पोथी यांनी तो हूं जिवंत ठेवला, एवढं म्हटलं तरी पुरे. त्याचं सगळ्यात मोठं रूप मात्र 1876 साली शेंडगावात जन्मलं. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. मामाच्या गावी दापुऱ्यात गुरं राखली, शेती कसली आणि 1905 साली घर सोडलं.

बाबांचं कीर्तन रात्री असलं तरी ते सुरू व्हायचं सकाळी, खराट्यानं. गावात शिरले की ते रस्ता झाडायला लागत. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात काठी नाहीतर खराटा. त्यांना पाहून आधी चार पोरं यायची, मग चार बाया, मग लाजेनं का होईना पाटीलही. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख व्हायचं आणि ऐकायला बसायचे ते दिवसभर त्यांच्याबरोबर राबलेले लोक. हे मला फार मोलाचं वाटतं. बोलायच्या आधीच त्या माणसानं बोलण्याचा अधिकार हातांनी मिळवलेला असे.

मग कीर्तन. 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' हा गजर आणि गजरातून प्रश्न. जगात देव किती? लोक म्हणायचे, एक. तुमच्या गावात खंडोबा आहे? आहे. भैरोबा आहे? आहे. मग आता देव किती झाले? इथे सभा गडबडायची, हसायची आणि हसता हसता स्वतःच्याच उत्तरात सापडायची. कर्ज काढून सण का करता, कोंबडं-बकरं का कापता, पोराला शाळेत का घालत नाही, सगळं असंच प्रश्नातून. समोरच्याच्या तोंडून 'हो जी' आलं की ते त्याचं स्वतःचं झालं. दुसऱ्या दिवशी ते नाकारणं जड जाई. आचार्य अत्र्यांनी म्हटलं होतं, सिंहाला पाहावे वनात, हत्तीला पाहावे रानात आणि गाडगेबाबांना पाहावे कीर्तनात. त्या कीर्तनातून जमलेल्या पैशांतून धर्मशाळा, घाट, शाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र ते मडक्यातली भाकर खाऊन पुढच्या गावाला निघून जायचे.

वक्तृत्वाच्या पुस्तकांत डेमॉस्थेनिस असतो. तोंडात खडे धरून जीभ वळवणारा, मॅसेडोनियाच्या फिलिपविरुद्ध अथेन्सला जागं करणारा. मला बाबांच्या जवळचा वाटतो तो शेक्सपिअरच्या नाटकातला अँटनी. सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून तो रोमच्या लोकांना प्रश्न विचारतो आणि मृत्युपत्र हातात धरून ते वाचायला नकार देतो. शेवटी लोकच वाच म्हणून ओरडतात. युक्ती तीच, पण अँटनीच्या प्रश्नांनंतर रोममध्ये जाळपोळ होते. प्रश्न विचारणाऱ्याला काय हवंय, यावर सगळं ठरतं.

विदर्भात शब्दाची आग पेटली नाही असंही नाही. यावलीचे तुकडोजी महाराज 1942 मध्ये, 'चले जाव'च्या दिवसांत, चिमूरला होते. त्यांच्या खंजिरीच्या भजनात धृपद लोकांच्या तोंडी असायचं, त्यामुळे भजन एकट्याचं राहत नसे. झाडं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील, असं ते भजन सांगत होतं. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर उठलं. गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले आणि त्यानंतर लष्करानं गावावर जे केलं ते आजही तिथे हळू आवाजात सांगितलं जातं. महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. त्याच माणसानं पुढे मोझरीच्या गुरुकुंजातून 41 अध्यायांची 'ग्रामगीता' दिली.

1956 चा शरद ऋतू मात्र वेगळाच. 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः 22 प्रतिज्ञा दिल्या. ते एक वाक्य म्हणत आणि सगळं मैदान ते परत म्हणे. त्यांचं मोठं भाषण दुसऱ्या दिवशी झालं, पण आधी लोकांच्या तोंडात शब्द आले होते. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली माणसं त्या दिवशी नुसती श्रोते राहिली नाहीत. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि 20 डिसेंबरला गाडगेबाबा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आधीच बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली होती.

त्या दोन्ही मृत्यूंच्या आधी, 8 नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांचं कीर्तन टेपवर उतरवून घेतलं गेलं. डिसेंबरमध्ये आमच्या शाळेत मुलं 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' पासून पाठ केलेली भाषणं करतात. पोरं मेहनत घेतात, पण समोरचं कुणी हूं म्हणत नाही आणि पोरंही त्याची वाट पाहत नाहीत. एका वर्षी गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला ही भाषणांची स्पर्धा संपल्यावर कुणीतरी देवळाच्या भोंग्यावर ती टेप लावली. आवाज खरखरत होता. पारावर तूर निवडत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी मान वर केली नाही, हातही थांबवले नाहीत. भोंग्यातून प्रश्न आला, जगात देव किती? आणि टेपवरच्या माणसांच्या आधी त्या दोघी म्हणाल्या, "एक हाय जी."